शंभरातून सात

दांडगोबा कुठल्याही दारातून आत शिरायचा तो पाठमोरा. खांद्यावर अख्खा माणूस मावेल एवढी हॉकीची बॅग आणि हातात तीन-चार स्टिका असल्यामुळे सरळ शिरला की दोन्हीकडे अडकायचा. मग तो गर्रकन वळायचा, पाठीने दार ढकलायचा आणि बॅगेसकट आत यायचा. पुढे तो मोठ्या संघात गेला, बॅगा उचलायला माणसं मिळाली, तरी सवय गेली नाही. रिकाम्या हातानेसुद्धा तो बँकेत, देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये उलटाच शिरायचा. माझी बायको नलू म्हणायची, हा पोरगा जगाला आधी पाठ दाखवतो आणि मग तोंड.

त्याचं खरं नाव वर्तमानपत्रांत पुष्कळ वेळा छापून आलंय. ते इथे देत नाही, कारण त्या नावाने तो आमच्या घरात कधी राहिलाच नाही. नलूने पहिल्याच दिवशी त्याला दांडगोबा म्हटलं आणि तेच टिकलं. त्याची आणि माझी एक गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. गणपतीत, संक्रांतीच्या पॉटलकला म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये, माझ्याच तोंडून. मराठी पद्धतीच्या पाठांतराने कॅनडातल्या सस्कॅचवानच्या एका पोराला बर्फावरच्या हॉकीतला तारा कसा केला, ती गोष्ट. लोक पोट धरून हसायचे. ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी आज लिहितोय, कारण त्या पहिल्या अर्ध्या गोष्टीपायी या हिवाळ्यात एका सतरा वर्षांच्या मुलीच्या जिवाशी खेळ होणार होता.

इथल्या ज्युनिअर हॉकीतली मुलं सोळा-सतराव्या वर्षी घर सोडून संघाच्या गावी येतात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. अशा घराला बिलेट म्हणतात. मी तेव्हा रेजिनामध्ये प्रांताच्या रस्ते खात्यात इंजिनियर होतो. आमचा मुलगा टोरोंटोला शिकायला गेला, बेसमेंट रिकामं झालं आणि नलूला रिकामं बेसमेंट सहन होईना. तिच्या ऑफिसातल्या एका बाईने बिलेटचं सुचवलं. हॉकीतलं आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. जेवायला घालायचं आणि शाळेत जातो का ते बघायचं, एवढंच काम आहे असं ती म्हणाली. हे दोन्ही आम्हाला येत होतं.

रेजिनाच्या वरच्या बाजूला, रस्ता जिथे खडीचा होतो तिथल्या एका खेड्यातून तो आला. वडील शाळेची बस चालवायचे. आईने सोडायला येताना एक केक आणला आणि जाताना नलूचे दोन्ही हात धरून ठेवले. नलू तिला इंग्रजीत एवढंच म्हणाली की, तुमचा मुलगा आता आमचा. अशी वाक्यं आपण सहज बोलतो. त्या बाईने मात्र ते खरं धरलं आणि मान हलवून गेली.

सामन्याच्या दिवशी तो दुपारी वरणभात खायचा, तूप-लिंबू घालून, आणि मग झोपायचा. सामन्याआधी ठरलेलं जेवण आणि ठरलेली झोप हे हॉकीवाल्यांचं सोवळं असतं, त्यात बदल खपत नाही. एकदा नलूने खिचडी केली आणि संघ हरला. त्यानंतर तिने खिचडीचं नाव काढलं नाही. त्या झोपेला आमच्याकडे वामकुक्षी म्हणतात हे मी त्याला सांगितलं, तर तो संघातल्या पोरांना म्हणाला की आमच्या काकांकडे याला देवाधर्माचं नाव आहे. रिंकवरून, म्हणजे बर्फाच्या मैदानावरून, तो ओल्या केसांनी बाहेर यायचा आणि गाडीपर्यंत येईतो केसांच्या काड्या व्हायच्या. नलू टॉवेल घेऊन दारात उभी राहायची, त्याला खुर्चीत बसवून डोक्याला खोबरेल तेल थापायची. हेल्मेटला नारळाचा वास येतो म्हणून पोरं चिडवायची. त्याने ना काकूला थांबवलं, ना हेल्मेट धुतलं.

त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं. “आय'म गुड.” आणखी भात वाढू का? आय'म गुड. थंडी वाजतेय का? आय'म गुड. दात पडून ओठ फाटला, टाके घालून आला, खूप दुखतंय का रे? आय'म गुड, काकू. उणे तीसमध्ये आमच्या अंगणातला बर्फ उपसून शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचाही उपसून यायचा, तेव्हाही तेच. मला ते फार आवडायचं. मी सबंध नोकरीत आजारपणाची रजा घेतली नव्हती आणि ते मी चारचौघांत सांगायचो. माझ्या मुलाने ती शिकवण घेतली नव्हती. या परक्या पोराने न सांगता घेतली, असं मला वाटायचं.

शाळेत त्याचं गणित कच्चं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्याला घेऊन बसायचो. मिरजेला माझे वडील शाळामास्तर होते. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सगळं त्यांनी आमच्या तोंडात घोळवून घेतलं होतं. मला दुसरी रीत ठाऊक नव्हती. दांडगोबाला उदाहरण समजायचं नाही, पण पाठ मात्र असं व्हायचं की बघत राहावं. सूत्रं, सनावळ्या, कविता, एकदा म्हटलं की डोक्यात बसलं. त्या टेबलाचा माझा एकच नियम होता, तिथे ‘येत नाही’ म्हणायचं नाही. हे दोन मराठी शब्द तो सगळ्यांत आधी शिकला, कारण त्यांना बंदी होती. “काका, येत...” म्हणून थांबायचा, माझ्याकडे चोरून बघायचा आणि हसायचा. मीही हसून म्हणायचो, पाठ असलं की डोकं नसलं तरी चालतं. हे माझं वाक्य. मीच केलेलं. ते त्याने उचललं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सामन्यात तो पाठमोरा पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेत होता आणि समोरच्या संघातल्या एका आडदांड पोराने त्याला धडक दिली. डोकं आधी कठड्यावर आपटलं, मग बर्फावर. तो उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. घरी येताना त्याने गाडीत ओकारी केली. नलूने विचारलं तर म्हणाला, आय'म गुड.

दुसऱ्या दिवशी संघाच्या ट्रेनरने त्याला तपासलं. त्या काळी आजच्यासारखी यंत्रं नव्हती, दोन-चार ठरलेले प्रश्न असायचे. त्यातला एक म्हणजे शंभरातून सात वजा करत खाली यायचं. दांडगोबा त्र्याण्णवपर्यंत आला आणि गप्प बसला. ट्रेनर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, शुक्रवारी पुन्हा विचारीन, सांगितलंस तर शनिवारी खेळ. शनिवारी मोठ्या संघांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे लोक, येणार होते. त्यांच्यासाठीच तर पोरगा गाव सोडून आला होता.

तो बेसमेंटमध्ये लाँड्रीच्या खोलीत, ड्रायरला टेकून अंधारात बसला होता. मी दिवा लावायला हात नेला तर म्हणाला, “लाईट नको, काका. प्लीज.” मग त्र्याण्णवची हकिगत सांगितली. आवाज रडवेला होता. पण तो डोक्यासाठी रडत नव्हता, नापास झालो म्हणून रडत होता.

माझ्यातला मास्तरचा मुलगा जागा झाला. परीक्षेची तारीख ठरलेली, प्रश्न फुटलेला, विद्यार्थी पाठांतरात तरबेज. एवढं सगळं जुळून आल्यावर आमच्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी त्याला हाताला धरून वर आणलं, टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, वजाबाकी करूच नकोस. मंत्रासारखं म्हण. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तो डोळे मिटून माझ्यामागून इंग्रजीत म्हणायला लागला. मधेच कपाळ दाबायचा, मी थांबायचो, पुन्हा पहिल्यापासून.

नलू ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला.

“अहो, ते त्याचं डोकं तपासतायत. गणित नाही.”

मी म्हटलं, तू मधे पडू नकोस, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

“मी तेच म्हणतेय,” ती म्हणाली.

मग आमचं जोरात भांडण झालं. तिने डॉक्टरला फोन करायला रिसीव्हर उचलला आणि मी तो तिच्या हातून काढून घेतला. मी असं पूर्वी कधी केलं नव्हतं. पोरगा खाली मान घालून बसला होता. नलू आत गेली. आम्ही शहाऐंशीपासून पुढे सुरू केलं.

शुक्रवारी त्याने शंभरापासून दोनपर्यंत अशी सरबत्ती लावली की ट्रेनरही हसला. शनिवारी तो खेळला आणि दोन गोल केले. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या एका मोठ्या संघाने त्याला निवडलं. त्याची आई फोनवर रडली, नलूही रडली. मी मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. ओकारी, अंधारी खोली, काढून घेतलेला रिसीव्हर, हे सगळं वगळून. हशा झाला. नलू तेव्हा उठून मोदकांचं बघायला आत गेली. पुढे मी जेव्हा जेव्हा ती गोष्ट काढली, तेव्हा तेव्हा तिला आत काहीतरी बघायचं असायचं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवणारा खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. ताप असो, बोट मोडलेलं असो, दांडगोबा मैदानात. मुलांच्या खोल्यांत त्याची चित्रं लागली. देखणा वगैरे तो खेळायचा नाही. जिथे पक अडकेल, जिथे चौघं एकमेकांवर पडतील, त्या कोपऱ्यात तो आधी शिरायचा आणि पक घेऊन पाठमोरा बाहेर यायचा. समालोचक म्हणायचे, ही शैली कुणाला शिकवता येणार नाही. आम्ही दोघं टीव्हीसमोर हसायचो, कारण आमचं पुढचं दार केवढं आहे ते आम्हाला ठाऊक होतं.

डोक्याला मार बसला की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम सुरू. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. दोनपर्यंत आला की मी “शाब्बास” म्हणायचो आणि आम्ही दोघं हसायचो. संघातल्या इतरांनाही त्याने ते शिकवलं. तिकडे प्रश्न बदलले की तो नवे पाठ करायचा, पण मला मात्र जुनंच म्हणून दाखवायचा. एकदा तो पासष्टवर थांबला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. नलू माझ्याकडे बघत होती. मी हळूच म्हटलं, अठ्ठावन्न. तो म्हणाला, हां, अठ्ठावन्न, आणि घसरगुंडीवरून यावं तसा दोनपर्यंत आला. मी शाब्बास म्हणालो. तेव्हा मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. फोन ठेवल्यावर नलूने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ही इज गुड.

निवृत्त झाला तेव्हा त्याचा जर्सी-नंबर मान म्हणून रिंकच्या छताला टांगला. मुलाखतीत त्याने इंडियन काकाची आणि पाठांतराची गोष्ट सांगितली आणि मला आणखी फोन आले. मग तो बायको लॉरा आणि मुलगी मॅडी यांना घेऊन कॅल्गरीत राहायला आला. हळूहळू लॉराच्या बोलण्यातून कळायला लागलं की उजेड सहन होत नाही, चिडचिड होते, गाडी कुठे लावली ते आठवत नाही. मग गाडीच सुटली. नलू गेली तेव्हा तो रेजिनाला आला. अंत्यविधीच्या हॉलमध्ये उलटा शिरला आणि आतमध्ये सबंध वेळ काळा चष्मा लावून बसला. लोकांना वाटलं रडतोय, कुणाला वाटलं मोठा माणूस आहे. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मी काही विचारलं नाही.

कोणत्या धक्क्याने काय झालं हे डॉक्टरांना सांगता येत नाही. धक्के पुष्कळ होते आणि त्यातले बहुतेक माझ्या घरापासून फार लांब बसले. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण पहिला धक्का कसा लपवायचा हे तो ज्या टेबलावर शिकला, त्या टेबलावर मी अजून जेवतो.

या जानेवारीत लॉराचा फोन आला. मॅडी ज्या क्लबकडून खेळते तिथल्या रिंकमध्ये दांडगोबाची जुनी जर्सी लावणार होते. काका, तुम्ही या आणि तुमची ती गोष्ट सांगा, सगळ्यांना तीच हवीय, असं ती म्हणाली. कार्यक्रमानंतर मॅडीचा सामना होता आणि तो बघायला एका विद्यापीठाच्या संघाची कोच येणार होती. मी विमानाने गेलो. मॅडी दारात भेटली. बापासारखीच रुंद खांद्याची आणि तशीच हसणारी. त्या घरात मला सगळेच काका म्हणतात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वरणभात झाला. लॉराने तो नलूकडून शिकून घेतलाय. मग सगळं घर झोपलं. दांडगोबा आता खेळत नाही, तरी सामन्याच्या दिवशी झोपतो. माझा कुर्ता ड्रायरमध्ये होता म्हणून मी खाली बेसमेंटमध्ये गेलो, लाँड्रीच्या खोलीत दिव्याच्या बटणाला हात लावला, आणि अंधारातून आवाज आला.

“लाईट नको, काका. प्लीज.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. मॅडी ड्रायरला पाठ लावून, गुडघ्यात डोकं घालून बसली होती. विचारलं, तर आधी म्हणाली, आय'म गुड. मग थोडं थोडं बाहेर आलं. बुधवारी सरावात पडून डोकं आपटलं होतं. शुक्रवारी क्लिनिकमध्ये तपासणी झाली. आता तिथे शब्दांच्या याद्या वाचून दाखवतात आणि त्या परत म्हणायला सांगतात. त्या याद्यांचे फोटो संघातल्या मुलींच्या फोनवर फिरत असतात. मॅडीने सगळ्या पाठ केल्या होत्या. उलट्या होतात का, उजेड सोसतो का, या प्रश्नांना तिने सरळ नाही म्हटलं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. फक्त आजचा दिवस, काका, मग मी विश्रांती घेईन, ती म्हणाली. आणि वर म्हणाली, “तुझीच तर ट्रिक आहे ती.”

मी खाली बसलो. या वयात मला जमिनीवर बसणं सोपं नाही. मी तिला म्हटलं, शंभरापासून म्हण बघू. तिने एका दमात म्हटलं, लहानपणी गाडीत बापाबरोबर म्हणायची तसं. दोनवर येऊन ती हसली.

“आता दोनपासून वर ये,” मी म्हटलं. “सात-सात मिळवत.”

“दोन,” ती म्हणाली. “नऊ. सोळा.”

मग काही नाही. माझा कुर्ता ड्रायरमध्ये फिरत होता, त्याची बटणं आत टकटक वाजत होती. तिने पुन्हा सोळा म्हटलं. हात उचलून बोटं मोजायला लागली, मधेच चुकली आणि हात खाली टाकला.

“हे टेस्टमध्ये नसतं, काका,” ती रागाने म्हणाली.

नाहीच. मीही तेव्हा विचारलं नव्हतं. मास्तरच्या मुलाला हे पक्कं ठाऊक असतं की पाठ केलेलं उलटं विचारलं की कळतं कुणाला येतंय आणि कुणाला नुसतं तोंडपाठ आहे. मला तीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नव्हतं.

मी वर जायला उठलो, तेव्हा तिने माझी पँट धरली. आईला सांगितलंस तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही, म्हणाली. ते तिने पाळलंय.

वर लॉरा उठून चहा करत होती आणि दांडगोबा पडदे ओढलेल्या बाजूला बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. आधी मॅडीचं, मग ओकारीचं, अंधारातल्या पोराचं, रिसीव्हरचं, आणि पासष्टनंतरच्या अठ्ठावन्नचं. लॉराने चहा खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“प्रत्येक डॉक्टर विचारतो, पहिला मार कधी बसला,” ती म्हणाली. “आणि मी सांगते, ज्युनिअरमध्ये एकही नाही. तुम्ही याच खुर्चीत बसून ते ऐकलंय, काका.”

मी ऐकलं होतं. एकदा नाही. लॉराने बेसमेंटकडे पाऊल टाकलं, पण दांडगोबाने हात वर केला. त्याला आता वाक्य जुळवायला वेळ लागतो, तोवर आम्ही थांबतो.

“त्या दिवशी काकू मराठीत भांडत होती,” तो म्हणाला. “मला एक शब्द कळला नाही. पण ती माझ्या बाजूने भांडतेय एवढं कळलं होतं. आणि मी तुमच्या बाजूला बसून राहिलो.”

मग तो उठला आणि जिन्याकडे गेला. त्याला आता जिना उतरताना चक्कर येते, म्हणून तो कठडा धरून पाठमोरा उतरतो, शिडी उतरावी तसा. तसाच पाठीने दार ढकलून त्या अंधाऱ्या खोलीत गेला. बापलेक आत काय बोलले ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. बऱ्याच वेळाने मॅडी वर आली. डोळे सुजले होते. माझ्याकडे न बघता फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि स्वतःच कोचला सांगितलं की मी खेळत नाही.

संध्याकाळी रिंकमध्ये जर्सी वर गेली. मग मला माइक दिला. लोक आधीच हसायच्या तयारीत होते. मी नेहमीसारखी सुरुवात केली आणि या वेळी काहीही वगळलं नाही. डोकं तपासतायत, गणित नाही, हे नलूचं वाक्य मी आधी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत सांगितलं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत एका बाईने शेजारच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडी साध्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसली होती, बर्फाकडे बघत. विद्यापीठाची ती कोच सामना संपायच्या आधीच निघून गेली. सगळं आटोपल्यावर क्लबचे एक गृहस्थ मला म्हणाले की, आजचा दिवस तरी हे नको होतं. असेलही. पण ती गोष्ट मी आनंदाच्या दिवशीच सांगत आलो होतो, तेव्हा तिचा उरलेला भागही तिथेच सांगायला हवा होता.

मॅडी अजून बर्फावर उतरलेली नाही. हे मला लॉरा सांगते. लॉरा माझ्याशी बोलते, कामापुरतं. दांडगोबाच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो, त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्यामुळे उपचार बदलतील का, मी विचारलं. त्यांनी सांगितलं की फारसं काही बदलणार नाही, पण कळलं ते बरं झालं.

दांडगोबा मात्र दर रविवारी फोन करतो. पूर्वीसारखाच, नमस्कार-चमत्कार नाही. फक्त आता तो शंभरापासून सुरू करत नाही. दोनपासून वर जातो, त्याचं त्यानेच ठरवलंय. ते पाठ नसतं, त्यामुळे प्रत्येक पायरीला वेळ लागतो. दोन. नऊ. सोळा. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येतो, कधी मॅडीच्या घरभर फिरण्याचा आवाज. तेवीस. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसतो, कारण पुढचा आकडा माझ्या जिभेवर असतो आणि तो बाहेर पडू द्यायचा नसतो.

गेल्या रविवारी तो तीसपर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं फोन ठेवला असेल. सदतीस हा आकडा मी जिभेवरच धरून ठेवला. मग तो हळूच, शाळेतल्या मुलासारखा, मराठीत म्हणाला,

“काका, येत नाही.”

मी म्हटलं, “शाब्बास.”